माजघरातला हल्या

माझी थोरली लेक सातव्या महिन्यात जन्मली आणि सुरुवातीला आठवडाभर ती माझ्या नव्हे, एका हल्याच्या अंगावर वाढली. हल्या म्हणजे रेडा. पाणी वाहणारा, वयस्कर, एका डोळ्यात फूल पडलेला, आणि स्वभावानं माझ्या नवऱ्यापेक्षाही मवाळ. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, खरंच का. खरंच. तो हल्या कधीचाच गेला, पण माझा त्याच्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही.

निजाम जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. मला वालूरला दिलेली. आम्ही लिंगायत वाणी. घरचं किराण्याचं दुकान होतं. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते, त्यामुळे दुकान माझा नवरा बघायचा आणि नवऱ्याला माझी सासू बघायची. तिला मी आत्याबाई म्हणायचे. उंच, सडसडीत बाई, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं आपोआप उठून उभं राहावं. मी नवीन होते. मला बसलेलं त्यांनी फारसं पाहिलंच नसेल.

पहिलं बाळंतपण म्हणून सातवा लागताच मला माहेरी धाडायचं ठरलं. ओटी भरली, छकड्यात गादी टाकली, नवरा पुढं बसला. आत्याबाई वेशीपर्यंत सोडायला म्हणून चढल्या आणि छकड्यात कसं बसावं हे मला सांगता सांगता उतरायचं विसरल्या. गावापासून मैलभर गेलो असू, ओढ्याच्या उतारात छकड्याचा आख मोडला. मी पडले नाही, नुसती दचकले. पण पोटात कळ आली ती पुन्हा गेलीच नाही. शेजारच्या रानात बायका ज्वारी काढत होत्या. त्या धावत आल्या, लिंबाखाली त्यांनी लुगड्याचा आडोसा धरला, आणि उन्हं डोक्यावर यायच्या आत मी मोकळी झाले.

मुलगी होती. मला कुणी ती दाखवली नाही. त्या बायकांत एक सुईण होती, तिनं लेकरू हातात घेतलं, आत्याबाईंकडं बघितलं आणि नुसती मान हलवली. आत्याबाईंनी पदरात लेकरू घेतलं आणि माझ्याकडं पाठ केली. मी हात पुढं केला होता, तो तसाच राहिला.

आता लेकरू घरी न्यायचं कसं हा प्रश्न आला. छकडा मोडलेला. मला बाजेवर घालून चौघांनी उचललं, पण बाजेवर लेकरू नको, धक्का बसेल, असं सुईण म्हणाली. ओढ्याकाठच्या विहिरीवर गावचा पखाली पखाल भरत होता. पखाल म्हणजे कातड्याची मोठी पिशवी, हल्याच्या पाठीवरून दोन्ही अंगांना लोंबणारी. बाजारच्या दिवशी रस्त्यावर पाणी मारायला, भिंतींचा गारा कालवायला, लग्नाच्या मांडवात, असं तो पाणी पुरवायचा. सगळा गाव त्याला चाचा म्हणायचा. चाचा म्हणाला, "माई, हल्यावर ठेवा लेकराला. ह्याची चाल लोण्यावानी हाय." आत्याबाईंनी ओठ आवळले. चामड्याचं पाणी त्यांनी आयुष्यात उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. पण दुसरा इलाज दिसेना. कुणाच्या तरी सुपात फडकी अंथरली, त्यात लेकरू, आणि सूप पखालीवर. उन्हानं पखालीतलं पाणी कोमट झालं होतं. अशी आमची वरात गावात शिरली. पुढं हल्यावर लेक, मागं बाजेवर मी, आणि सगळ्यात मागं मोडक्या आखाकडं वळून वळून बघणारा नवरा.

घरी आल्यावर सूप उतरवून आत्याबाईंच्या खोलीत ठेवलं आणि मला मागच्या अंधाऱ्या खोलीत, बाजेखाली शेगडी पेटवून झोपवलं. घडीभरानं पलीकडं गलका झाला. लेकराचा दम थांबला होता. ओठ निळे पडले. सुईणीनं तळव्याला टिचकी मारली तशी पोरगी अंग झटकून पुन्हा दम घेऊ लागली. मग परत थांबली. परत टिचकी. संध्याकाळपर्यंत हे सात-आठ वेळा झालं आणि मला प्रत्येक वेळी भिंतीपलीकडून कळत होतं.

नवरा सेलूच्या डॉक्टरकडं जाऊन आला. डॉक्टरनं जे सांगितलं ते त्यानं दुकानातली यादी वाचावी तसं आईसमोर उभं राहून सांगितलं. कमी दिवसांचं लेकरू दम घ्यायला विसरतं. त्याला अजून सवय नसते. यावर औषध नाही. थांबलं की तळव्याला टिचकी मारायची. अंग उबेत ठेवायचं. मान वाकडी होऊ द्यायची नाही. महिना-दीड महिन्यात शिकेल, तोवर जगलं तर.

"औषद न्हाई?" आत्याबाई म्हणाल्या. "मंग डाक्टर कशाला हाय?"

तरी टिचकीची पाळी लागली. आणि तिथूनच आमच्या घराचं जे व्हायचं ते सुरू झालं. कारण टिचकी मारायला येते असं गावात प्रत्येकालाच वाटत होतं. दुकानात गूळ घ्यायला आलेली माणसं गूळ बाजूला ठेवून आत यायची आणि टिचकी नखानं मारावी की बोटाच्या पेरानं यावर बोलत बसायची. एका म्हातारीनं कांदा फोडून लेकराच्या नाकाशी धरला, त्यानं लेकराऐवजी आत्याबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. कुणी तोंडावर फुंकर घातली. एकानं थाळी वाजवली, कारण दचकलं की दम येतो असं त्याचं म्हणणं. थाळीचा आवाज ऐकून दोन गल्ल्या पलीकडच्या लोकांना वाटलं मुलगा झाला, आणि ते साखर मागायला आले. त्यांना साखर द्यावी की नाही यावरही थोडा वेळ वाद झाला. शेवटी दिली.

मी बाजेवर. माझं दूध वाटीत पिळून न्यायचे आणि कापसाच्या बोळ्यानं तिला पाजायचे. वाटी न्यायला आत्याबाई स्वतः यायच्या. मी रोज विचारायचे, "आणता का जरा?" त्या म्हणायच्या, "पडून ऱ्हा. ओली बाळंतीण हायेस." आणि वाटी पदराखाली धरून जायच्या. मला त्या वेळी वाटायचं, ही बाई माझ्यावर सूड उगवतेय. कशाचा, ते काही सुचायचं नाही, पण बाजेवर पडलेल्या माणसाला वेळ भरपूर असतो, मी काही ना काही कारण शोधून काढायचे.

तिसऱ्या दिवशी सुईणीच्या लक्षात आलं. ओढ्यापासून घरापर्यंत एवढी वाट झाली, त्या वाटेत पोरगी एकदाही थांबली नव्हती. खाली ठेवली तेव्हाच थांबली. तिनं हे आत्याबाईंना सांगितलं, आत्याबाईंनी नवऱ्याला सांगितलं, आणि दिवस मावळायच्या आत सगळ्या वालूरला कळलं की वाण्याच्या पोरीला हल्या लागतो.

पण हल्या म्हणजे यमाचं वाहन. आत्याबाईंना ते सहन होईना. त्यांनी आमच्या जंगम स्वामींना, घरच्या गुरूंना, बोलावलं. स्वामी पहिल्याच दिवशी येऊन पोरीला कापडात गुंडाळलेलं लिंग बांधून गेले होते. त्यांचं बोलणं ओसरीवर झालं, मला खोलीतून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"स्वामी, यमाचं वाहन हाय ते. त्याच्यावर लेकरू कसं घालावं?"

"लिंग बांधलंय न्हवं? मंग यमाचा हिच्यावर हक्क न्हाई. ज्याचा हक्कच न्हाई त्याच्या वाहनाला काय भ्यायचं?"

"आन् चामडं?"

"आपल्यात विटाळ धरत न्हाईत."

"मंग आजपातुर मी त्या पखालीचं पानी घरात येऊ दिलं न्हाई, ते?"

"ते तुमचं तुमी केलं," स्वामी शांतपणे म्हणाले. "मला कुनी इचारलं न्हाई."

यावर माझा नवरा, जो आईसमोर कधी तोंड उघडत नसे, म्हणाला की, यम आला तरी त्याला आधी बसायला जागा लागेल, आणि जागा तर लेकरानं धरलेली असेल. कुणी हसलं नाही. आत्याबाईंनी ही गोष्ट खरी धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा भरलेल्या पखालीसह हल्या घेऊन अंगणात हजर झाला. आत्याबाईंनी पखालीवर घोंगडी टाकली, कारण विटाळ नसला तरी लोकरीची आड बरी, आणि वर सूप बांधलं.

मग हल्या आमच्या अंगणात गोल गोल फिरू लागला. एका बाजूला चाचा, दुसऱ्या बाजूला सूप धरून आत्याबाई. सकाळी आणि संध्याकाळी, पुढं पुढं दुपारीही. पोरगी थांबेना. दम घेतेय, घेतेय, झोपलीये, घेतेय. भिंतीवर माणसं बसायला लागली. एकानं सांगितलं, हा हल्याच्या गळ्यातल्या घंटेचा गुण. घंटा काढून बघितली, फरक नाही. दुसरा म्हणाला, चाचा चालताना तोंडातल्या तोंडात गुणगुणतो त्याचा गुण. चाचाला गप्प केलं, फरक नाही, उलट हल्याच दोनदा थांबून मागं वळून बघू लागला. नवऱ्यानं मग शाळेतला मुलगा गणित सोडवतो तसं ठरवलं की नीट परीक्षा करायची. हल्याच्या जागी आमचा बैल आणला, त्याच्या पाठीवर पोतं टाकलं, पोत्यावर सूप. चार पावलांत पोरगी थांबली. टिचकी मारावी लागली. झालं, हल्याच खरा, असं ठरलं. हल्यासोबत पखालही काढली होती हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्या आलं होतं. पण माझं ऐकायला खोलीत शेगडीशिवाय कुणी नव्हतं.

दोन दिवसांनी हल्या थकला आणि अंगणाच्या मधोमध बसला. चाचानं हट् हट् केलं, शेपूट पिळलं, हल्या उठेना. सगळ्यांचे श्वास अडकले. पोरीचा मात्र चालूच राहिला. हल्या रवंथ करत होता, त्याचं पोट हलत होतं, आणि त्याच्यावर पोरगी खाली-वर होत निवांत झोपली होती. म्हणजे हल्यानं चालायचीही गरज नव्हती. त्यानं नुसतं असायचं.

एकदा हे ठरल्यावर त्याला उन्हात ठेवण्यात अर्थ नव्हता. चैत्राच्या झळा लागत होत्या. आत्याबाईंनी त्याला माजघरात घेतलं. उंबऱ्यात त्याच्या कपाळाला विभूती लावली आणि मग आत घेतलं, हे मी दाराच्या फटीतून स्वतः पाहिलं. पखाल अर्धी रिकामी करून पाठीवर ठेवली, त्याच्याखाली कडबा पसरला, आणि चाचा त्याच्या डोक्याशी बसला. ज्या माणसानं त्या घरात ओसरीच्या पुढं कधी पाऊल टाकलं नव्हतं, तो आता माजघरात, आमच्या देव्हाऱ्यासमोर मांडी घालून. पहिल्या दिवशी आत्याबाईंनी त्याला निराळ्या कपात चहा दिला. तिसऱ्या दिवशी कुणाचा कप कोणता हे बघायला कुणाला सवड राहिली नाही.

लोक बघायला यायचे. येताना हल्यासाठी सरकी आणायचे, कुणी कडब्याची पेंढी. हल्याच्या पायाशी ठेवायचे आणि लेकरू कसं आहे ते विचारायचे. मला डिंकाचा लाडू आणि हल्याला सरकी, आणि आमच्या दोघांत त्याच्यापाशी माणसं जास्त. त्यानं शेण टाकलं की माझा नवरा निमूट उचलायचा. मला दाराच्या फटीतून फक्त सुपाची कड दिसायची आणि कधी कधी एक हात, माझ्या करंगळीएवढा. मी रडायचे. खरं सांगते, मला हल्याचा मत्सर वाटायचा. माझ्या पोरीला त्याचं पोट मिळालं होतं आणि माझं नाही.

हल्या आल्यापासून सहाव्या की सातव्या दिवशी चाचा हळूच म्हणाला, "माई, एक बोलू? ह्याच्यात हल्याचं काय न्हाई."

"काय?"

"पानी हाय, पानी. लेकरू आईच्या पोटात पान्यातच तर व्हतं. ते हलायलंय म्हनून हिला दम घ्यायचं ध्यान ऱ्हायलंय. नक्को हल्याला आता. त्याची पाठ आखडली."

"मंग इतके दिस का न्हाई बोललास?"

चाचानं हल्याच्या कपाळाकडं बोट केलं. "तुमी त्याला इभूत लावली. मी काय बोलनार?"

आत्याबाईंनी सुपासकट पोरगी उचलून घेतली. मग हल्याला मानानं बाहेर काढलं, माजघरात भुसा अंथरला, भुशावर पखाल, पखालीत कोमट पाणी, वर घोंगडी, वर पोरगी. आणि शेजारी बसून कुणीतरी पखालीला सारखं मुठीनं ढोसायचं. डुबुक, डुबुक असा आवाज यायचा. जोवर आवाज येतोय तोवर ती जिवंत, एवढं मला कळत होतं. ते ऐकत मी झोपायचे आणि तो अडखळला की जागी व्हायचे. पाळ्या होत्या, पण आत्याबाई बहुतेक स्वतःची पाळी संपवायच्याच नाहीत. माणूस आला की त्याला म्हणायच्या, तू जा, तुला नीट जमत न्हाई.

बाजारचा दिवस होता. नवरा दुकानात, चाचा रस्त्यावर पाणी मारायला दुसऱ्या कुणाची पखाल मागून घेऊन गेलेला. दुपारचं ऊन. घरात मी आणि आत्याबाई. मी आवाज ऐकत पडले होते. डुबुक, डुबुक. मग एकदा उशिरा आला. मग आलाच नाही.

मी थोडं थांबले. वाटलं, पदर सावरत असतील. पाणी बदलत असतील. मग मी उठले. इतक्या दिवसांत पायावर भार दिला नव्हता. भिंत धरून माजघराच्या दाराशी गेले. आत्याबाई पखालीला टेकून बसल्या बसल्या झोपल्या होत्या. मूठ तशीच कातड्यावर. त्यांना किती दिवसांची झोप नव्हती कुणास ठाऊक. पोरगी हलत नव्हती. ओठ वांग्याच्या रंगाचे.

मी टिचकी मारली. मी कधी मारलीच नव्हती, तळवा कुठं संपतो आणि टाच कुठं सुरू होते तेही दिसेना. पुन्हा मारली. काही नाही. मग मी तिला उचललं. पहिल्यांदा. तिला वजनच नव्हतं, मला वाटलं मी नुसतं फडकंच उचललं. चोळी सोडून तिला उघड्या छातीवर धरलं, आणि माझे पाय गेले, मी तशीच भुशावर उताणी पडले. भीतीनं माझाही दम अडकला होता. मग तो एकदम आला, मोठा, छाती भरून. तशी ती माझ्यावर वर आली. मी सोडला, तशी खाली गेली. पुन्हा वर. मी दम घेत राहिले, मोठमोठ्यानं, विहिरीचं पाणी ओढतात तसा. आणि कितव्या वेळी कुणास ठाऊक, तिनं माझ्या छातीवर एक छोटा हिसका दिला आणि तिचाही सुरू झाला.

माझ्या दमाच्या आवाजानंच आत्याबाई जाग्या झाल्या असाव्यात. त्यांनी आधी रिकामी घोंगडी बघितली, मग मला.

"दे इकडं," त्या म्हणाल्या.

"न्हाई देणार."

"दे म्हनते न्हवं. तुझ्या अंगावर नको."

"का नको? हल्याच्या अंगावर चालतंय, चामड्यावर चालतंय. मी काय चामड्यापेक्षा वाईट हाय का?"

मी सासूला असं कधी बोलले नव्हते. त्यांनी पुढं केलेला हात मागं घेतला. मग भिंतीकडं बघत म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या आधीचे दोन माझे असेच गेले. कमी दिसाचे. दोनी बी माझ्या अंगावर. मी झोपले व्हते, आन् उठले तर थंड. आजून बी मला इथं," त्यांनी छातीला हात लावला, "त्यांचं थंडपन लागतं. म्हनून तुला दिलं न्हाई. गेली आसती तर तुझ्या अंगावर नको जायला."

राग तर मी इतके दिवस साठवून ठेवला होता, तो कुठं ठेवावा कळेना. मी तशीच उताणी पडून राहिले आणि पोरगी माझ्यावर वर-खाली होत राहिली. थोड्या वेळानं आत्याबाई म्हणाल्या, "मग नीट घे दम. घाई करू नको."

त्या दिवसापासून मी पखाल झाले. माझी बाज माजघरात आली. पोरगी माझ्या छातीवर, वरून घोंगडी, आणि मी उताणी, रात्रंदिवस. पाळ्या बदलल्या: आता लोक पोरीवर नाही, माझ्यावर नजर ठेवत. हिला हसवू नका, दम तुटतो. हिला रागावू नका, दम जोरात येतो. हिला तिखट देऊ नका, उचकी लागेल. स्वामी आले, बाजेपासून चार हात दूर बसले आणि माझा दम ऐकून म्हणाले, बरा चाललाय. आत्याबाई आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागल्या, आणि ते त्यांना इतकं अवघड जायचं की मधेच गप्प व्हायच्या. चाचा पखाल न्यायला आला तेव्हा त्यानं दारातून मला बघितलं आणि म्हणाला, "झालं. आता आमचं काम न्हाई." पण हल्याला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपला आपण आमच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला, सरकीसाठी. आत्याबाईंनी त्याला सरकी घातली आणि परत लावून दिला. पुढं कितीतरी दिवस तो येत होता.

पोरगी अधूनमधून थांबायची. पण माझा दम तिला उचलायचा आणि ती पुन्हा दम घ्यायला लागायची. मग थांबणं कमी झालं. दिवसातून दोनदा, मग एकदा. मग एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. तिला गालावर मांस आलं. ती आता बोळा नको म्हणून अंगावर पिऊ लागली, आणि ओढायची अशी की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

सव्वा महिना झाला तेव्हा मला डोक्यावरून न्हायचं होतं. पाणी तापलं होतं. पोरीला कुणाकडं द्यायचं? आत्याबाई पुढं आल्या आणि सूप आणलं.

"सूप नको," मी म्हटलं. "आडव्या व्हा."

"मी? न्हाई, न्हाई. सूप हाय न्हवं."

"आत्याबाई, पानी निवायलंय. आडव्या व्हा बाजेवर."

त्या माझं ऐकतील असं मला वाटलं नव्हतं. पण त्या बाजेच्या कडेवर बसल्या, मग पाय वर घेतले, मग ताठ आडव्या झाल्या, हात दोन्ही बाजूंना, डोळे आढ्याकडं. मी त्यांचा पदर सारला आणि पोरीला त्यांच्या छातीवर पालथी ठेवली. कान खाली, नाक मोकळं. पोरगी जरा वळवळली आणि गप्प झाली.

आत्याबाईंची छाती हलत नव्हती. त्यांनी दम धरून ठेवला होता. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानाकडं चाललं होतं. न्हायचं पाणी मागं तापून निवत होतं, मी तशीच उभी राहिले.

"आत्याबाई," मी म्हटलं, "ऊन हाय ती. दम घ्या."

त्यांनी बराच वेळ घेतला नाही. मग घेतला, आणि पोरगी वर आली.